फुलांचे जुने, हातानं केलेले रंगीत फोटोप्रिंट: कोण कोण जमवतं?

गुलबक्षी
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज धागा काढतेय. जुन्या फोटोंचे शौकीन इथे कमी नाहीत, पण गाडी शेवटी कॅमेऱ्यांवर आणि लेन्सवरच जाऊन थांबते. मला कागदाबद्दल बोलायचंय. रंगीत प्रिंट यंत्रातून भसाभस बाहेर पडायला लागण्याआधी कुणीतरी एकेका रंगाचा थर हातानं चढवून तो तयार करायचं. त्या काळातले प्रिंट, आणि त्यातही फक्त फुलांचे.

फुलंच का, तर फूल लबाडी खपवून घेत नाही. माणसाचा चेहरा जरा तांबूस निघाला तर आपण म्हणतो, ऊन लागलं असेल. आयरिसचा जांभळा चुकला की तिथल्या तिथे खटकतो. त्यामुळे छापणाऱ्याची खरी परीक्षा फुलावर होते असं मला वाटतं.

सध्या अडलेय ते ओळखण्यापाशी. विकणारे सगळ्यालाच ‘जुना हस्तनिर्मित रंगीत फोटो’ म्हणतात. माझ्याकडे ट्यूलिपचा एक प्रिंट आहे, काचेच्या फुलदाणीत ठेवलेली फुलं. काही पाकळ्यांच्या एका कडेला केसाएवढी तांबडी रेघ दिसते आणि समोरच्या कडेला निळसर हिरवी. हा दोष समजायचा का? आणि प्रिंट नेमका कुठल्या पद्धतीचा, हे कसं ठरवायचं?

भिंगवाला
गुलबक्षीताई, झकास विषय. त्या रेघेकडे येतोच, पण आधी चाळणी लावू.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि पाकळीचा फिकट भाग बघा. ठिपक्यांची जाळी, ठिपक्यांची गोल फुलं दिसली तर ते छापखान्यातलं पान आहे. पुस्तकातून कापून चौकटीत घातलेली अशी पानं ‘फोटो’ म्हणून सर्रास फिरतात. ठिपके विखुरलेले, फवारा मारल्यासारखे असतील तर तो इंकजेट, म्हणजे कालपरवाचा. जाळी नाही, पण बारीक अळ्या वळवळल्यासारखे वेडेवाकडे कण दिसताहेत, तर कोलोटाइप. तेही शाईनंच छापलेलं असतं, पण कोलोटाइपला मी नाक मुरडत नाही. कझुमासा ओगावा यांनी १८९० च्या दशकात जपानी फुलांचे हातानं रंगवलेले कोलोटाइप काढले. त्यातली कमळं आणि लिली बघून भल्याभल्या फोटोवाल्यांची बोलती बंद होते.

यातलं काहीच दिसलं नाही, रंग सलग उतरत गेलाय, तर पुढे जायचं. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरा. देठ, पानांमधल्या सावल्या, काळपट पार्श्वभूमी असे गडद भाग पृष्ठभागावर उचललेले दिसतात का? तसं असेल तर कार्बन किंवा कार्ब्रो. तिथे रंग म्हणजे जिलेटिनचा प्रत्यक्ष थर असतो, जितका गडद तितका जाड. पृष्ठभाग सपाट असेल तर बहुधा डाय ट्रान्सफर (साच्यांवरून एकेक रंग कागदावर दाबून उतरवलेला), नाहीतर कारखान्यातला नेहमीचा रंगीत कागद.

आता रेघ. फक्त पाकळ्या बघू नका, फुलदाणीची कड बघा. मग बोलू.

कोरीपाटी
वाखूसा (वाचनखूण साठवली). एक बाळबोध प्रश्न: ऑटोक्रोम यात धरायचे का? फुलांचे रंगीत जुने फोटो म्हटलं की तेच समोर येतात.

भिंगवाला
प्रिंट म्हणून नाही. ऑटोक्रोम म्हणजे काचेवरची पारदर्शिका. ल्युमिएर बंधूंनी १९०३ मध्ये पेटंट घेतलं, १९०७ मध्ये ती बाजारात आणली. बटाट्याच्या पिठाचे कण नारिंगी, हिरवे आणि जांभळे रंगवून काचेवर पसरायचे, मधल्या फटी काजळीनं बुजवायच्या आणि त्यावर फोटोचा थर. मागून उजेड टाकला तरच चित्र दिसतं. एक्स्पोजर लांब, म्हणून हलणारा विषय नको, म्हणून फुलं भरपूर. जमवायच्या असतील तर वेगळा संसार मांडावा लागतो. मागे दिवा लावून ठेवला की रंग जातो, त्यामुळे संग्रहालयंसुद्धा बरेचदा मूळ काच न मांडता प्रतिकृती मांडतात.

गुलबक्षी
भिंगवाले, फुलदाणी बघितली. तिची कड एकदम स्वच्छ. टेबलाची कडही. रेघ फक्त फुलांना आहे, आणि सगळ्यांना सारखी नाही. मधली ट्यूलिप जवळपास साफ आहेत, बाहेर झुकलेल्या दोघींना सगळ्यात जाड. तिरक्या उजेडात देठांपाशी उंचवटा दिसतो, नखाला जाणवेल इतका. (नख लावलं नाहीये, घाबरू नका.)

भिंगवाला
वा! मग तो दोष नाही, तो जन्मदाखला आहे.

तिरंगी प्रिंटसाठी लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून तीन वेगळी काळी-पांढरी निगेटिव्ह घ्यावी लागतात. कल्पना जुनीच. मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञानं १८६१ मध्ये रंगीत रिबिनीचा फोटो पडद्यावर दाखवला तो याच तत्त्वावर, आणि द्यूको द्यू ओरोननं १८६८ मध्ये कागदावरच्या तिरंगी प्रिंटचं पेटंट घेतलं. लाल फिल्टरच्या निगेटिव्हवरून निळसर हिरवा थर बनतो, हिरव्यावरून किरमिजी, निळ्यावरून पिवळा. तीन थर एकमेकांवर चपखल बसले तर चित्र. एक थर सरकला की एका बाजूला त्याचा रंग जास्त होतो आणि विरुद्ध बाजूला कमी पडतो. निळसर हिरवा सरकला तर एक कड निळसर हिरवी आणि दुसरी तांबडी. तुमच्याकडे अगदी हेच झालंय.

आता थर छापताना सरकला असता तर सगळ्या चित्रात एकाच दिशेला रेघ आली असती, फुलदाणीलासुद्धा. इथे फुलदाणी जागेवर आणि फुलं सरकलेली. म्हणजे तीन निगेटिव्ह एकामागून एक घेतली आणि मधल्या वेळात फुलं हलली. ट्यूलिप तर यात बदनामच. तोडल्यावरही देठ वाढत राहतो, उजेडाकडे झुकतो, गरम दिव्याखाली पाकळ्या उघडायला लागतात. प्लेट बदलून, फिल्टर बदलून दुसरं एक्स्पोजर देईपर्यंत बाईसाहेबांनी मान वळवलेली असते!

टिपकागद
हे भन्नाट आहे. पण एक शंका. यावरून फक्त निगेटिव्ह कसं घेतलं ते कळतं. प्रिंट कुठल्या पद्धतीचा हे कुठे कळलं? तीन निगेटिव्हवरून कोडॅकचं वॉश-ऑफ रिलीफही करता यायचं, ते १९३५ पासून होतं.

भिंगवाला
बरोबर. निकाल उंचवट्यावर. वॉश-ऑफ रिलीफ आणि त्याची सुधारलेली आवृत्ती डाय ट्रान्सफर, दोन्हींत शेवटच्या कागदावर फक्त डाय उतरतो, उंचवटा मॅट्रिक्सवर, म्हणजे डाय शोषून घेणाऱ्या जिलेटिनच्या साच्यावरच राहतो. देठापाशी थर दिसतोय म्हणजे रंगद्रव्याचं जिलेटिन, अर्थात तिरंगी कार्बन किंवा कार्ब्रो. दोन्हींपैकी कुठलं, ते तयार प्रिंट बघून सांगणं अवघडच. १९३० च्या दशकातला असेल तर मी कार्ब्रोवर पैज लावीन, कारण तेव्हा जाहिरातींच्या स्टुडिओंत त्याचीच चलती होती.

अतिनील टॉर्च असेल तर कागदाच्या मागच्या बाजूवर मारून बघा. निळसर पांढरा झगझगीत उजळला तर कागदात उजळक (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घालायचं रसायन) घातलाय, म्हणजे बहुतेक १९५० नंतरचा. मख्ख राहिला तर जुना असायला हरकत नाही. पण ‘हरकत नाही’ इतकंच, उजळक नसलेला कागद आजही मिळतो.

अंधारखोली
कार्ब्रोचं नाव निघाल्यावर राहवलं नाही. एकरंगी कार्बन मी स्वतः करतो, तिरंगीच्या वाटेला गेलेलो नाही, म्हणून करणाऱ्यांबद्दल आदर जास्तच.

आधी कार्बन. जिलेटिनमध्ये रंगद्रव्य कालवून कागदावर थर द्यायचा, बायक्रोमेटनं तो प्रकाशसंवेदी करायचा. उजेड लागला तिथलं जिलेटिन कडक होतं, बाकीचं कोमट पाण्यात विरघळून जातं. स्वाननं १८६४ मध्ये याला वापरण्याजोगं रूप दिलं. अडचण अशी की यात मोठा फोटो हवा तर तेवढंच मोठं निगेटिव्ह लागतं आणि उजेडही सणसणीत. कार्ब्रोमध्ये ही कटकट नाही. आधी साध्या ब्रोमाइड कागदावर एन्लार्जरनं हव्या त्या आकाराचा काळा-पांढरा प्रिंट करा, मग रसायनात भिजवलेला रंगाचा टिश्यू, म्हणजे रंगीत जिलेटिनचा थर दिलेला कागद, त्यावर दाबून ठेवा. प्रिंटमधली चांदी जिथे जास्त तिथे टिश्यूचं जिलेटिन जास्त कडक होतं. उजेडाचं काम चांदीच करते. १९०५ चं मॅनलीचं ओझोब्रोम हे याचं मूळ, १९१९ च्या सुमारास ऑटोटाइप कंपनीनं सुधारून त्याला कार्ब्रो नाव दिलं.

आता हेच तीनदा. तीन ब्रोमाइड, तीन टिश्यू, तिन्ही तात्पुरत्या आधारावर घ्यायचे, कोमट पाण्यात उघडायचे आणि एकावर एक बसवायचे. ओलं जिलेटिन फुगतं, सुकताना आकसतं, कागद वेगळा ताणला जातो. पाकळीची कड जुळवेपर्यंत पानाची सुटते. एका रंगाचा घोळ झाला की पहिल्यापासून सुरुवात. आणि दुसरी प्रत हवी तर परत सगळं नव्यानं. त्यामुळे एकाच निगेटिव्हचे दोन कार्ब्रो कधी तंतोतंत सारखे नसतात.

डाय ट्रान्सफरमध्ये तसं नाही. तिथे तीन मॅट्रिक्स एकदा नीट झाले की तेच पुन्हा पुन्हा डायमध्ये भिजवून कागदावर दाबता येतात, बऱ्याच प्रती निघतात. शिवाय धुण्याच्या पाण्यात आम्ल कमीजास्त करून एकेका रंगाची तब्येत सांभाळता येते. किरमिजी किंचित उतरवा, पिवळा तसाच ठेवा, असं. इतका ताबा दुसऱ्या कुठल्याच पद्धतीत नव्हता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कोडॅकनं त्याचं सामान बनवणं थांबवलं तेव्हा लोकांनी साठे करून ठेवले ते उगीच नाही.

(बायक्रोमेट विषारी आहे, कर्करोगकारक आहे. वाचून कुणी स्वयंपाकघरात प्रयोग सुरू करू नका.)

टिपकागद
अंधारखोली, प्रतिसादाला दंडवत. पण ‘हातानं केलेला’ यावर मला थोडं भांडायचंय. कुणाच्या हातानं? डाय ट्रान्सफर बऱ्याचदा प्रयोगशाळेतला कारागीर करायचा. फोटोग्राफर नुसता ‘जरा थंड करा’ म्हणायचा. निसर्गाचे रंगीत फोटो काढणाऱ्या एलियट पोर्टरसारखे स्वतः प्रिंट करणारे मोजके. सही मात्र फोटोग्राफरची. मग आपण जमवतो ते कोणाचं काम?

गुलबक्षी
मी तर कारागिराचं जमवते, असं बेधडक सांगते. मोठं नाव आणि निर्जीव प्रिंट यापेक्षा निनावी आणि रसरशीत प्रिंट मला कधीही चालेल. पोर्टरचे रानातले प्रिंट मात्र दोन्ही अंगांनी उजवे. त्यात दगडावरच्या शेवाळ्याचे हिरवे एकमेकांपासून वेगळे राहतात, चिखल होत नाही.

टिपकागद
आणि हातानं रंगवलेले काळे-पांढरे फोटो? तुमच्या शीर्षकात तेही बसतात. माझ्या मते ते रंगीत फोटो नव्हेतच. रंग कॅमेऱ्यानं टिपलेला नाही, कुणीतरी मनानं भरला. गुलाब लाल होता की गुलाबी, रंगवणाऱ्याला काय ठाऊक?

भिंगवाला
हे अर्धंच खरं. उलट त्या फोटोंत कॅमेऱ्यानं रंगाशी घातलेला गोंधळही दिसतो, आणि मला तीच गंमत वाटते.

एकोणिसाव्या शतकातल्या कलोडियनच्या प्लेटला (निगेटिव्हच्या काचेला) फक्त निळा उजेड कळायचा. परिणामी निळं फूल फोटोत पांढरंफटक आणि पिवळं किंवा लाल फूल काळपट. १८७३ मध्ये फोगेलनं डाय घालून हिरव्या-पिवळ्याची संवेदना आणली, लालसकट सगळे रंग पकडणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेट १९०६ पासून सहज मिळायला लागल्या. आता रंगवणाऱ्याची पंचाईत बघा. निळं फूल कागदावर पांढरं आलंय, म्हणजे पारदर्शक निळा रंग मस्त बसेल. पिवळं फूल मात्र करड्या रंगात उतरलंय, त्यावर पारदर्शक पिवळा मारला तर शेवाळी दिसणार. मग अपारदर्शक जाड रंग लावायचा, आणि त्याखाली पाकळीच्या शिरा गडप. जुन्या रंगवलेल्या अल्ब्युमेन (अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरच्या) प्रिंटांमध्ये निळी-जांभळी फुलं नाजूक आणि पिवळी थापल्यासारखी दिसतात त्याचं कारण हेच. याला अपवाद दिसला, म्हणजे पिवळं फूल शिरांसकट पारदर्शक रंगात, तर फोटो नंतरचा असेल किंवा निगेटिव्हवर कुणीतरी कारागिरी केली असेल. मी असे अपवाद शोधत असतो.

रंग हाताचा आहे हे भिंगातून लगेच कळतं. रंग पाकळीच्या कडेबाहेर जरासा सांडतो, ब्रश थांबला तिथे थेंब सुकून गडद काठ उरतो, आणि एकच हिरवा देठापासून शेवटच्या पानापर्यंत.

टिपकागद
बरं, हे पटलं. तरी त्यांना रंगीत फोटो म्हणणार नाही, रंगवलेला फोटो म्हणेन.

कोरीपाटी
+१. मग आद्रियां ब्रॉन यांचे फुलांचे फोटो? ते तर

कोरीपाटी
आधीचा प्रतिसाद अर्धवट गेला. आडॉल्फ ब्राउन म्हणायचं होतं, मोबाइलनं नावाची वाट लावली.

भिंगवाला
ब्राउन यांची १८५० च्या दशकातली फुलं एकरंगीच. कापडावर नक्षी काढणाऱ्यांना नमुने म्हणून ती काढली होती. विषयासाठी बघावीत, पण या धाग्याच्या कुंपणाबाहेरची. अ‍ॅना अ‍ॅटकिन्सचे निळे सायनोटाइपही तसेच, एकच रंग.

शेवंती
मी डाय ट्रान्सफरवाली. १९५० नंतरच्या फुलांच्या प्रिंटांबद्दल एक खूण सांगते, फारशी कुठे वाचायला मिळत नाही.

मॉर्निंग ग्लोरीची निळी फुलं आणि अ‍ॅजेरॅटम रंगीत फिल्मवर निळी येत नाहीत, गुलबट जांभळी येतात. ही फुलं दृश्य वर्णपटाच्या अगदी टोकाचा गडद लाल आणि त्यापलीकडचा अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करतात. आपल्या डोळ्याला तो जवळजवळ दिसत नाही, फिल्मच्या लाल थराला दिसतो. कोडॅकच्या पुस्तिकांतही याला अ‍ॅजेरॅटम इफेक्ट असंच नाव होतं. म्हणून पारदर्शिकेवरून केलेल्या डाय ट्रान्सफरमध्ये मॉर्निंग ग्लोरी खरोखर आकाशी दिसली तर समजा, प्रिंट करणाऱ्यानं मास्क (रंग सुधारण्यासाठी मध्ये घालायची फिकट निगेटिव्ह) आणि मॅट्रिक्स वापरून तो निळा ओढून आणलाय. तेही शेजारचं पान निळं न पडू देता! अशा प्रिंटवर माझा जीव आहे. माझ्याकडे एक आहे त्यात फुलाचा घसा पिवळसर पांढरा आणि त्याभोवती निळा हळूहळू चढत जातो, मध्ये कुठेही जांभळी झाक नाही.

डाय ट्रान्सफरला मी भिंतीवर टांगत नाही. अंधारात ते कितीतरी वर्षं टवटवीत राहतात, पण सतत उजेडात किरमिजी उतरायला लागतो आणि गुलाब शिळे दिसतात.

अंधारखोली
शेवंती, इथे मात्र पूर्ण असहमत. बघायचंच नाही तर जमवायचं कशाला? उन्हाची तिरीप येणार नाही अशी भिंत, अतिनील गाळणारी काच, प्रकाश ५० लक्सच्या आसपास, आणि काही महिन्यांनी पाळी बदलायची. एक भिंतीवर, बाकी पेटीत. कार्ब्रो तर रंगद्रव्याचे, त्यांना उजेडाची इतकी भीती नसते.

शेवंती
तुमची भिंत तुम्हाला लखलाभ. :) बघायचंच तर मी पेटी उघडून, हात धुऊन, मांडीवर घेऊन बघते.

गुलबक्षी
अतिनील टॉर्च मिळाला. ट्यूलिपचा कागद मख्ख आहे, अजिबात उजळत नाही. कार्ब्रोला उजेडाची भीती नाही म्हणताय, मग त्याला त्रास कशाचा?

अंधारखोली
हवेचा. जाड जिलेटिन फार कोरड्या हवेत आकसतं आणि तडे जातात, विशेषतः गडद भागात. दमट हवेत त्यावर बुरशी धरते, काचेला टेकलं असेल तर चिकटतं, आणि मग सोडवताना चित्र काचेवर राहतं. सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्के आणि तीही स्थिर, हे पथ्य. चौकटीत लावताना खिडकी कापलेला माउंट मध्ये हवाच, काचेचा स्पर्श नको. चिकटपट्टी कुठलीही नको, कोपऱ्यांत कागदी खिसे पुरतात. बुरशी दिसली तर ओल्या कापसानं पुसायला जाऊ नका, जिलेटिनसकट येईल. पेटी कोरड्या जागी हलवा आणि कागद-संवर्धकाकडे न्या.

भिंगवाला
भर घालतो. प्लास्टिकचा पाउच हवा असेल तर पॉलिएस्टरचा, पीव्हीसी नको. कागदी पाकीट घेताना ‘आम्लमुक्त’ एवढंच वाचून भुलू नका, फोटोसाठीची चाचणी उत्तीर्ण आहे का बघा. आणि कोणाकडे सायनोटाइप असतील तर त्यांना अल्कधर्मी बफर घातलेला कागद अजिबात नको, निळा उडतो.

कोरीपाटी
विकत घेताना प्रत्यक्ष हातात मिळत नाही, फक्त फोटो बघून ठरवावं लागतं. तेव्हा काय करायचं?

टिपकागद
विकणाऱ्याकडे चार फोटो मागायचे. सरळ समोरून एक, तिरक्या उजेडात एक, पाठीमागच्या बाजूचा एक, आणि भिंगाला मोबाइल लावून एखाद्या पाकळीच्या कडेचा एक. त्या कडेच्या फोटोत फुलाशेजारी फुलदाणी किंवा टेबल अशी न हलणारी एखादी वस्तूही येऊ दे म्हणावं. पाठीमागे शिक्का, पेन्सिलीत क्रमांक, कागद कंपनीचं छापील नाव, जे असेल ते. कागदाला प्लास्टिकचा लेप असेल तर रंगीत फोटोंत ते १९६० च्या दशकाच्या शेवटापासूनचं प्रकरण, मग ‘१९३० चा कार्ब्रो’ म्हणणाऱ्याला राम राम. चारपैकी तिरक्या उजेडातला फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याशी मी पुढे बोलत नाही.

कोरीपाटी
धन्यवाद. एक आयरिसचा बघून ठेवलाय, चारही मागवतो आणि इथेच टाकतो.